कात्रणांची फाईल आणि शोधाचे शब्द



आपल्या केंद्रांत कात्रणांची फाईल असे. विवाहिता जळाल्याची बातमी पहिल्या दिवशी येई. पुढे जामीन, साक्षी, निकाल यांचे काय झाले ते कळत नसे. आता गूगल अलर्टमध्ये शोधाचे शब्द नोंदवले की नव्या बातमीची सूचना ई-मेलने येते.

पण शब्द कुणाचे? मी प्रथम ‘हुंडाबळी’ एवढाच शब्द घातला. हाती फारसे लागले नाही. तो आपला, चळवळीचा शब्द. बातमीत असते ‘विवाहितेची आत्महत्या’, ‘सासरच्या छळाला कंटाळून’. तेही अवतरणचिन्हांत घाला, सोबत तालुक्याचे नाव द्या. कलमे जुनी-नवी दोन्ही हवीत. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ आले, ३०४-ब च्या जागी ८०. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालतात.

बातमी थांबली म्हणजे खटला संपला असे नव्हे. पुढची तारीख ई-कोर्ट्सवर पाहा, माहेरच्यांना भेटा. प्रत्येक गटाने निदान एक प्रकरण निकालापर्यंत सोडू नये, एवढीच विनंती.