कृष्णविवराची नाडी



मी संगणकवाली. आकाशाकडे वळले ते एका नोंदवहीमुळे. आपला 'अ‍ॅस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. त्यावरचं 'लॅक्सपीसी' हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलं. आलेल्या प्रत्येक क्ष-किरण कणाची वेळ ते १० मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक नोंदवतं. आमच्या सर्व्हरचा लॉग असतो ना, तसंच!

गरुड तारकासमूहात 'जीआरएस १९१५+१०५' हे कृष्णविवर आहे. १९९२ मध्ये सापडलेलं. जोडीदार ताऱ्याचा वायू ते ओढून घेतं. आत पडण्याआधी तो वायू लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. कधी कधी त्याचा आलेख थेट ईसीजीसारखा दिसतो. साधारण मिनिटाला एक ठोका. २०१८ पासून मात्र हा स्रोत क्ष-किरणांत एकदम मंदावला.

ही निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना मोफत खुली होतात. पण ती वाचायला मुलांना शिकवणार कोण? प्रयोगवहीत आधी निरीक्षण, मग अनुमान, ही बाईंनी लावलेली शिस्त इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. बाकीचं थोडं प्रोग्रामिंग.

म्हणून शाळेकडे एकच मागणं आहे. शनिवारी दुपारी संगणककक्ष उघडा ठेवा. शिकवायला मी येईन. तुमच्यापैकी कोण कोण येणार, ते आजच सांगा.