पहिले पाऊल
(महोत्सवानिमित्त गोडादरा येथे झालेले भाषण)



संस्थेच्या या आनंदसोहळ्यात हिशेब आणि अहवाल यांची वाचने झाली. मी मात्र आज आपल्याला एका चित्राविषयी चार शब्द सांगणार आहे. चित्र आहे व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे, नाव ‘पहिली पावले’. तैलरंगातील हे चित्र त्याने जानेवारी १८९० मध्ये, फ्रान्समधील सें-रेमी येथील मनोरुग्णालयात असताना रंगविले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

चित्रात शेतकऱ्याचे परसू आहे. झाडे, भाजीचे वाफे, कुंपणावर वाळत घातलेले धुणे. आई वाकून लहानग्याला धरून उभी आहे. बापाने कुदळ खाली टाकली आहे, ढकलगाडी बाजूला राहिली आहे, आणि तो गुडघा टेकून दोन्ही हात पसरून बसला आहे. मूल अजून पोहोचलेले नाही; पण पोहोचणार, याविषयी शंका राहत नाही.

मूळ रेखाटन मिले या फ्रेंच चित्रकाराचे. व्हॅन गॉगसमोर होते त्याचे रंगहीन छायाचित्र, धाकटा भाऊ थिओ याने धाडलेले. रंग सारे याने आपल्या मनातून भरले. त्याच दिवसांत थिओच्या घरी पाळणा हलणार होता. ३१ जानेवारीस मुलगा झाला आणि काकांचेच नाव त्याला मिळाले. व्हॅन गॉग अविवाहित होता. जुलै १८९० मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. ज्याच्याकडे कोणतेही मूल धावत येणार नव्हते, त्याने हे पसरलेले हात रंगविले! त्या पुतण्याने पुढे काकांची चित्रे जपली, आणि १९७३ साली आम्स्टरडॅम येथे त्यांचे संग्रहालय उघडले.

आपणा मागवाल्यांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. १८८४ साली न्यूनन गावी त्याने हातमागावरचे विणकर पुष्कळ रंगविले. रंगसंगती पाहण्यासाठी तो रंगीत लोकरीचे गुंडे एका पेटीत ठेवी. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, म्हणजे धूपछाव कापड कसे झळकते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. शेजारी शेजारी ठेवलेल्या रंगांची ही जादू आपल्या मराठी चित्रकाराने, नारायण श्रीधर बेंद्रे यांनी, उत्तरायुष्यात ठिपक्याठिपक्यांनी साधली. १९५० ते १९६६ ते येथून जवळच, बडोद्यास शिकवीत होते.

आता मनातले सांगतो. माझ्या थोरल्याने पहिले पाऊल टाकले तेव्हा मी रात्रपाळी करून झोपलो होतो. घरच्यांनी दया येऊन उठविले नाही. पोटासाठी खानदेश सोडून आलो, त्याचे दुःख नाही. त्या सकाळचे आहे. आपल्यापैकी अनेकांची हीच कथा असेल.

चित्रातला बापही गरीबच आहे, त्याचेही काम अर्धे पडले आहे. पण कुदळ क्षणभर खाली ठेवता येते, एवढेच तो सांगतो. संस्थेने मुलांसाठी रंग आणि कागद आणावेत, सुटीच्या दिवशी तासभर वर्ग भरवावा, आणि बापांनी मुलांशेजारी बसावे, ही माझी विनंती. पहिले पाऊल हुकले असेल. पुढची पावले अजून पडावयाची आहेत.