नवजात बालक आणि औषधाची मात्रा



मोठ्या माणसाची गोळी मोडून तिचा चतकोर लेकराला द्यावयाचा, ही रीत अनेक घरांत परिचित आहे. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य, असा समज या रीतीमागे असतो. हा समज केवळ अशिक्षितांचा होता असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्रही वय वा वजन पाहून प्रौढाच्या मात्रेवरूनच बालकाची मात्रा ठरवीत असे. तो समज दूर करण्यासाठी ज्या संशोधकांनी आयुष्य वेचले, त्यांत अमेरिकेतील डॉ. समनर याफी (१९२३–२०११) यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी दोन दुर्घटना लक्षात घेतल्या पाहिजेत. १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉक्टरांना असे आढळले की, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिलेल्या एका सल्फा औषधामुळे मृत्यू वाढले. नवजात बालकाच्या रक्तात बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य एका प्रथिनाला बांधलेले असते. सल्फा औषधाने त्याची जागा घेतली, मोकळे झालेले बिलिरुबिन मेंदूत शिरले आणि इजा झाली. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथून क्लोरँफेनिकॉलविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे प्रतिजैविक न दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांपैकी सुमारे एक पंचमांश दगावली होती; ते दिलेल्यांपैकी तीन पंचमांश दगावली. बालकांचा वर्ण राखेसारखा होई आणि रक्ताभिसरण मंदावे.

औषध देणाऱ्यांचा हेतू शुद्धच होता. उणीव होती ती ज्ञानाची. अनेक औषधे शरीराबाहेर टाकण्याजोगी व्हावीत म्हणून यकृतातील विशिष्ट विकरे त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. नवजात बालकाच्या यकृतात ही विकरे पुरेशी कार्यक्षम नसतात. मूत्रपिंडेही अपरिपक्व असतात. त्यामुळे प्रौढाच्या शरीरातून काही तासांत निघून जाणारे औषध बालकाच्या शरीरात साचत राहते आणि औषधाचेच विष होते.

डॉ. याफी यांनी नेमक्या याच जागी आपले संशोधन केंद्रित केले. बफेलो येथे असताना, १९६६ मध्ये, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कावीळ न हटणाऱ्या एका बालकाला फेनोबार्बिटल दिले. हे मूळचे झोपेचे व फेफऱ्याचे औषध. परंतु त्याच्या योगाने यकृतातील मंद विकरांना चालना मिळाली आणि बिलिरुबिनचे प्रमाण उतरले. नवजात बालकांच्या नेहमीच्या काविळीवर पुढे प्रकाशोपचारच रूढ झाला. तथापि, बालकाच्या यकृताची क्षमता मोजता येते आणि ती बदलताही येते, ही गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली. जीवरसायनशास्त्र आणि बालऔषधशास्त्र यांचा येथे संगम झाला.

प्रयोगशाळेतील यश मात्र पुरेसे नव्हते. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर १९६२ मध्ये अमेरिकेत औषधविषयक कायदा कडक झाला. परिणाम असा झाला की, उत्पादक बालकांवर चाचण्याच घेईनात आणि वेष्टनावर ‘बालकांसाठी शिफारस नाही’ अशा आशयाची सूचना छापून मोकळे होऊ लागले. डॉक्टर मात्र तीच औषधे अंदाजाने देत राहिले. डॉ. हॅरी शर्की यांनी अशा बालकांना ‘उपचारांतील अनाथ’ म्हटले. ज्या बालकांना संरक्षण द्यावयाचे, तीच संरक्षणावाचून राहिली.

ही कोंडी फोडण्यासाठी डॉ. याफी यांनी संस्थात्मक मार्ग धरला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या औषध समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. पुढे राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत काम करताना त्यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये बालऔषध संशोधन केंद्रांचे जाळे उभे राहिले. १९९७ च्या कायद्याने बालकांवर योग्य अभ्यास करणाऱ्या उत्पादकांना सहा महिन्यांचा जादा विक्रीहक्क देऊ केला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बालकांसाठी अत्यावश्यक औषधांची पहिली स्वतंत्र यादी प्रसिद्ध केली.

या इतिहासातून गावपातळीवर काय घ्यावयाचे? घरात उरलेले किंवा शेजाऱ्याच्या मुलासाठी आणलेले औषध तान्ह्याला देऊ नये. स्तनदा मातेने औषध घेण्यापूर्वी आपण अंगावर पाजत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत कावीळ दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर बालकाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शाळेच्या पालकसभेत आणि ग्रामसभेत या तीन गोष्टी सांगण्यास फार वेळ लागत नाही. त्या न सांगितल्याची किंमत मात्र एखाद्या तान्ह्याला मोजावी लागते.