अप्पूघरानंतरची दिल्ली

१९८२च्या आशियाई खेळांतल्या अप्पू हत्तीच्या नावाचं दिल्लीचं अप्पूघर २००८ साली बंद झालं. पाळण्यांची हौस आता नोएडाच्या ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’मध्ये भागते. त्यासाठी राहायला महागडं रिसॉर्ट कशाला? पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात खोलीची आधीच चौकशी करा. सकाळी रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकावर निळ्या मार्गिकेची मेट्रो धरली, की गाडी न बदलता नोएडा सेक्टर १८! शनिवार-रविवार टाळा, रांगा कमी लागतात. तिथल्या वॉटर पार्कसाठी पाण्यात खेळायचे कपडे घरूनच न्या. तिथं भाड्यानं घेतले, तर चौघांचं जेवण त्यातच जातं. दुसरा दिवस सराय काले खाँच्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानासाठी ठेवा. तिथं भंगारातून घडवलेला ताजमहाल आणि आयफेल टॉवर पाहायला मिळतात, आणि तेही अगदी माफक तिकिटात.