मुका कोण होता?



संयोजकांनी सांगितलं, ‘तू पॅरिसला चित्रकला शिकून आलास, त्यावर बोल.’ आयफेल टॉवरचे फोटो तुमच्या मोबाइलवरही सापडतील. म्हणून मी तिथल्या पहिल्या तीन महिन्यांबद्दलच बोलतो. त्यात आपल्या वर्गाचाही एक हिशेब आहे.

आपली दहावी 2003 ची. चित्रकलेच्या सरांनी सुट्टीच्या दिवशी बसवून आपल्याकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घेतली. एसटीनं औंढ्याला नेऊन नागनाथाच्या भिंतींवरची शिल्पं काढायला लावली. त्या हाताच्या जोरावर मी मुंबईच्या कला महाविद्यालयात पोचलो आणि 2008 मध्ये विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून सहा महिन्यांसाठी पॅरिसला गेलो. रझासाहेब 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर तिथं गेले, ते मुंबईतच फ्रेंच शिकून. मी गेलो तो ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ एवढ्या दोन शब्दांवर.

तिथं दर आठवड्याला आपलं काम भिंतीवर लावायचं आणि त्यावर बोलायचं. माझं रेखाटन पाहून शिक्षकांनी मान हलवली आणि विचारलं, ‘पूर्क्वा?’ म्हणजे आपलं ‘काहून?’ मी नुसता हसलो. पुढच्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यापासून मला कुणी काही विचारेनाच. माझ्या चित्रापुढं दोन मिनिटं थांबायचे आणि पुढं जायचे. बेकरीत एकाच पावाचं नाव येत होतं, म्हणून रोज तोच पाव खाल्ला. घरी फोन केला की वडील विचारायचे, ‘करमतं का?’ मी म्हणायचो, ‘मजेत आहे.’

अशाच एका संध्याकाळी मला आपला पाचवीचा वर्ग आठवला. तांड्यावरून येणारा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. त्याच्या घरी गोरमाटी. गुरुजींचा प्रश्न त्याला कळायचा, पण उत्तर मराठीत यायचं नाही. एकदा त्यानं घरचाच शब्द वापरला आणि सगळा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. त्याला ‘मुका’ हे नाव मीच ठेवलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते चालवलं. आठवीनंतर तो आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. त्याचं बाक रिकामं झालं, ते आपल्याला जाणवलंसुद्धा नाही.

आमच्या वर्गात एक कोरियन मुलगी होती. तिलाही फ्रेंच येत नव्हतं. आम्ही एका वहीत रोज पाच वस्तूंची चित्रं काढायचो आणि दुकानात, बसमध्ये विचारून त्याखाली शब्द लिहायचो. सातव्या आठवड्यात मी आमच्या शेतातली हळद शिजवण्याची कढई काढली. वसमतकडच्यांना वेगळं सांगायला नको. शब्दकोश घेऊन रात्रभर बसून दहा वाक्यं लिहिली: ही कढई कुणाची, वाफेत उभी असलेली बाई माझी आजी, तिच्या हातांचा पिवळेपणा किती दिवस जात नाही. वाचताना माझ्या उच्चारावर मागून कुणीतरी हसलं. शिक्षकांनी फक्त हात वर केला आणि वर्ग शांत झाला. दहा वाक्यांना चारपाच मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ सगळे थांबले.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ‘काहून’चं उत्तर मला मराठीतही कधी शोधावं लागलं नव्हतं. हात चालत होता, म्हणून मी काढत होतो. दुसरी अशी की, भाषा न येणाऱ्याला आधी लागतो तो थांबणारा माणूस. आपल्या नरसीचे नामदेव पंजाबात गेले आणि त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. तिथं त्यांचं ऐकायला कुणीतरी थांबलं असेलच ना? आपण पाचवीत थांबलो नाही.

परत आल्यावर त्याला शोधायला हवं होतं. मी शोधलं नाही. लाज वाटत होती, हे खरं कारण. गेल्या महिन्यात या मेळाव्याच्या ग्रुपवर त्याचा नंबर आला, तेव्हा फोन केला आणि माफी मागितली. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘फोनवर काहून मागतोस? हसला तर वर्गासमोर होतास.’

मित्रा, तू आज आलास. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसला आहेस. हा आपलाच वर्ग आहे. या सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागतो. माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

आता माझी वेळ संपली. उरलेली मिनिटं त्याला द्यावीत, अशी संयोजकांना विनंती आहे. तो बोलला तर, ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत, आपण सगळे ऐकू. नाही बोलला तरी थांबू.