आपला अंगठा कोणाच्या दप्तरात?

(खापर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



अक्कलकुव्याहून इकडे येताना एस. टी. च्या गाडीत दोन मते माझ्या कानी पडली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आता यंत्र आले आहे, आता कोणी कोणाला फसवू शकत नाही." मागच्या बाकावर एक बाई बसली होती. ती म्हणाली, "यंत्र आले म्हणूनच दोन महिने माझा गहू अडला." दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. त्यांचा वाद पुढे रंगला नाही. कारण गृहस्थ मोबाईल पाहू लागले आणि बाई खापरच्या आधीच उतरून गेली. परंतु तो वाद अर्धवट राहू नये असे मला वाटले. म्हणून जे भाषण मी तयार करून आणले होते ते पिशवीतच ठेवून आज याच विषयावर बोलणार आहे.

अंगठ्यापासून सुरुवात करू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत अंगठा ही निरक्षरतेची खूण होती. सावकाराच्या कागदात काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना त्याखाली शाईचा अंगठा उमटवायचा, आणि शेताचा तुकडा गेल्यावर मग त्या कागदाचा अर्थ कळायचा. परमपूज्य बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले, तेव्हा आपल्या बायाबापड्यांनी त्याचा पहिला अर्थ असा घेतला की अंगठा टाकायचा आणि सही धरायची. माझी आई पन्नाशी उलटल्यावर सही शिकली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून आल्यावर ती रात्री पाटी घेऊन बसे, आणि आपल्या नावातले जोडाक्षर जमेपर्यंत उठत नसे.

आमच्या गावच्या स्वस्त धान्य दुकानात ई-पॉस यंत्र बसले तेव्हा ती सत्तरीच्या पुढे गेली होती. जन्मभर ऊस तोडून आणि विटा वाहून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्राने तिचे बोट ओळखले नाही. तिने पदराने बोट पुसले, पुन्हा ठेवले. दुसरे बोट ठेवले. दुसऱ्या हाताचे ठेवले. शेवटी ती दुकानदाराला म्हणाली, "मला सही येते. वही आण, सही करते." तो म्हणाला, "आजी, सही चालत नाही. अंगठाच पाहिजे." अशा तिने तीन खेपा घातल्या. धान्याचे तिला फार दुःख नव्हते. ज्वारी शेजारून उसनी मिळाली. घरी आल्यावर तिने मला विचारले, "मग मी शिकले कशाला?" मी आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, पण मला उत्तर देता आले नाही.

आधारचे हे दप्तर आपल्या जिल्ह्याला परके नाही. ते इथूनच सुरू झाले. दि. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक श्रीमती रंजना सोनवणे यांना देण्यात आला. सभा मोठी झाली, छायाचित्रे देशभर छापली गेली. पुढे वेळोवेळी कोणी ना कोणी वार्ताहर टेंभलीस जात राहिला, आणि देशातली पहिली आधारधारक स्त्री मजुरी करूनच पोट भरते आहे असे लिहीत राहिला. आज सव्वाशे कोटींहून अधिक माणसांचे क्रमांक त्या दप्तरात आहेत. अंगठ्यांचे एवढे मोठे दप्तर जगात पूर्वी कोणी ठेविले नव्हते.

आता गाडीतल्या गृहस्थांच्या मताकडे वळतो. आपल्या वस्त्यांत हे मत जरा निराळ्या शब्दांत ऐकू येते: "यंत्र जातपात पाहत नाही." हे मत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ज्यांच्या ओटीत दुकानदाराने दुरून धान्य ओतले, ज्यांना रांगेत सर्वांत शेवटी उभे केले, ज्यांच्या नावावर दुसऱ्याच कोणी उचल केली, त्यांना बिनजातीचे यंत्र दिसले तर हायसे वाटणारच. त्यात तथ्यही आहे. आधारच्या नोंदणीत जात वा धर्म विचारीत नाहीत. आणि या भागाच्या दृष्टीने एक गोष्ट तर निश्चित हिताची झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची सोय सुरू झाली. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग आहे, आणि तो यंत्रावाचून झाला नसता.

परंतु अंगठ्याचे यंत्र काय करते ते नीट पाहा. तुमच्या बोटाची खूण तारेवरून दूरच्या दप्तरात जाते आणि तिथून 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येते. घेणारा माणूस तोच आहे की नाही, इतकेच ते तपासते. देणाऱ्याचा तराजू ते तपासीत नाही. पाच किलोंवर अंगठा घेऊन साडेचार किलो मापणारा दुकानदार त्याच्या पावतीवर प्रामाणिकच दिसतो. आणि 'नाही' या उत्तराचे अर्थ अनेक असतात. बोट झिजले असेल, हात ओला असेल, नेट गेले असेल, नोंदणीच्या वेळी खूण नीट उमटली नसेल. दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसांना मात्र एकच अर्थ ऐकू येतो: ही बाई खरी नाही. पूर्वी दुकानदाराने नाकारले तर दोष त्याच्यावर येई. आता दोष बोटावर येतो. ज्याने अधिक कष्ट केले त्याचे बोट अधिक झिजलेले, हे तर उघडच आहे.

झारखंडातील सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. तिच्या घरच्यांचे म्हणणे असे की आधार जोडले नाही म्हणून शिधापत्रिका रद्द झाली, घरात अन्न नव्हते, आणि पोर भात मागत मेली. सरकारी अधिकाऱ्यांनी मृत्यू मलेरियाने झाल्याचे सांगितले. मलेरिया होता की भूक, हा वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण त्या घराची शिधापत्रिका रद्द झाली होती, हे राहतेच. त्यानंतर दि. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने राज्यांना लेखी कळविले की केवळ आधार नाही म्हणून कोणाचे नाव यादीतून काढू नये, आणि बोट जुळले नाही तरी अन्य ओळखीवर धान्य देऊन त्याची नोंद वहीत करावी. माझ्या आईला सही नाकारणाऱ्या दुकानदाराला हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही नव्हते.

त्या गृहस्थांचे आणखी एक मत होते, तेही सांगितले पाहिजे. "सरकारी काम म्हणजे गोंधळ, खाजगी कंपनीकडे दिले की सगळे सुरळीत." हे मत आज घरोघरी आहे. शिकलेल्या मुलांत तर अधिकच. त्यावर मी मत देण्याऐवजी घडलेला प्रकार सांगतो. २०१७ साली सिमकार्डाच्या पडताळणीसाठी सगळे लोक दुकानात अंगठा देत होते. एअरटेलच्या लाखो ग्राहकांच्या बाबतीत असे घडले की सिमसाठी घेतलेल्या त्याच अंगठ्यावर त्याच समूहाच्या पेमेंट्स बँकेत त्यांचे खाते उघडले गेले, आणि अनेकांना त्याची कल्पनाही नव्हती. येथे एक बारकी गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारी अनुदान आधारवर येते तेव्हा ते ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडला गेला त्या खात्यात जाते. त्यामुळे गॅसचे अनुदान जुन्या बँकेऐवजी या नव्या खात्यांत जमा होऊ लागले. बाई बँकेत जाऊन विचारते तर पैसा नाही. आणि पैसा कोठे आहे ते बँकेलाही सांगता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची पडताळणीची परवानगी स्थगित केली, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पेमेंट्स बँकेस ५ कोटी रुपये दंड केला. अनुदान जनतेचे, दप्तर जनतेचे, अंगठा बाईचा. आणि मध्ये कंपनीने आपली पेटी ठेवली.

हा धोका सर्वोच्च न्यायालयानेही ओळखला. दि. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आधारचा कायदा कायम ठेवला, परंतु खाजगी कंपन्यांना आधार वापरू देणारे कलम ५७ त्या मर्यादेपर्यंत रद्द केले. न्या. चंद्रचूड यांनी तर हा कायदा ज्या मार्गाने संमत केला तो मार्गच घटनाबाह्य ठरविला. ते मत अल्पमतात राहिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांसाठी, ग्राहकाच्या संमतीच्या अटीवर, वाट पुन्हा उघडली. जानेवारी २०२५ मधील नियमांनी इतर खाजगी संस्थांनाही मंजुरी घेऊन आत येता येईल अशी तजवीज केली. दार एकदा बंद झाले म्हणून ते बंदच राहते असे समजू नये.

मग यंत्रच नको म्हणावे काय? बाबासाहेबांना हा विचार मान्य झाला नसता. काँग्रेस व गांधी यांच्यासंबंधी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राला नावे ठेवणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळेच माणसाला पशूच्या कष्टांतून सुटून फुरसत आणि संस्कृती मिळू शकते. त्याचा लाभ मूठभरांच्या हाती जात असेल तर दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, आणि बदलायची ती रचना, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना विजेचे खाते त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये वीजविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी वीज कशासाठी, तर दारिद्र्याच्या फेऱ्यातून लोकांना बाहेर काढण्यासाठी, असा हेतू मांडला आणि मालकी कोणाची हा प्रश्नही पुढे ठेवला. १९४७ मध्ये घटना परिषदेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या निवेदनात ते याहून पुढे गेले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याने चालवावा, आणि हे घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे आज आलेले बहुमत उद्या ते पुसणार नाही, अशी त्यांची मागणी होती. सरकारच्या तावडीतून सुटलेला मजूर खाजगी मालकाच्या हुकमतीत जाऊन पडत असेल तर त्याला स्वातंत्र्य कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल होता.

कोणी म्हणेल, आधारचे दप्तर तर राज्याच्याच मालकीचे आहे. तरी तुमच्या आईचे धान्य अडलेच ना? अडले. म्हणूनच मला असे वाटते की मालकी राज्याची असणे जरूर आहे, पण तेवढ्याने वस्तू सार्वजनिक होत नाही. ज्या दप्तराला त्यातला सर्वांत गरीब माणूस 'का?' असे विचारू शकतो, ज्याचे उत्तर देण्यास नाव असलेला एखादा अधिकारी बांधलेला असतो, आणि उत्तर येईपर्यंत ज्यात त्या माणसाची चूल विझत नाही, त्यालाच मी जनतेचे म्हणेन. कुलकर्ण्याच्या दप्तरात आपले नाव होते. पण ते दप्तर आपल्याला उघडून पाहता येत नव्हते.

"आमच्याजवळ लपविण्यासारखे काय आहे?" असेही आपले लोक म्हणतात. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव सांगावे की नाही म्हणून ज्यांची जीभ अडखळली, त्यांनी तरी असे म्हणू नये. दि. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो केवळ बंगल्यात राहणाऱ्यांसाठी नव्हे. आधारात जात नाही हे मी वर सांगितले. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात जात आहे, बँकेत पैसा आहे, मोबाईलमध्ये तुम्ही कोठे गेलात ते आहे, आणि या सर्वांना जोडणारा क्रमांक एकच आहे.

आता थोडे व्यवहाराचे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य हा त्याने दिलेला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यास अन्न आयोग आहे. दुकानावर दक्षता समिती असावी आणि तीत अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांचे प्रतिनिधी असावेत असे तोच कायदा सांगतो. आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे येथे किती जणांस ठाऊक आहे? हात वर करा. ... तीन.

या तालुक्यात आपली घरे थोडी आहेत आणि आदिवासी बंधूंची पुष्कळ. त्यांची बोटे आपल्याहून कमी झिजलेली नाहीत. जे करावयाचे ते त्यांना घेऊनच करावे लागेल. बौद्ध वस्तीपुरती तक्रार केली तर ती वस्तीपुरतीच राहील.

माझी सूचना साधी आहे. धान्यवाटपाच्या दिवशी प्रत्येक दुकानाजवळ दोन लिहिणारे तरुण बसवावेत. शक्यतो एक मुलगी असावी, म्हणजे बायका बोलतील. ज्याचे बोट जुळले नाही त्याचे नाव, तारीख, वेळ, यंत्राने दाखविलेले कारण आणि दुकानदाराने दिलेले उत्तर एवढे लिहावे. खाली त्या माणसाची सही घ्यावी. सही येत नसेल तर तिथेच बसवून शिकवावी. रांग लांब असते, वेळ पुष्कळ मिळतो. महिनाअखेर त्याची एक प्रत तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी. दुकानदाराशी भांडण करू नये. त्याच्याही यंत्राला नेट लागते आणि तोही कित्येकदा सकाळपासून हात चोळीत बसलेला असतो.

मी बारा वह्या आणल्या आहेत. त्या मागे, दाराजवळच्या खुर्चीवर ठेवल्या आहेत. जाताना ज्यांना जमेल त्यांनी घेऊन जाव्यात, आणि कोणत्या दुकानासाठी नेली तेवढे वरच्या कागदावर लिहून ठेवावे.