ट्रॅक्टर खोलण्याआधी

मंडळी, जुना ट्रॅक्टर ओढेनासा झाला, की कोणी तरी लगेच म्हणतं, "गिअरबॉक्स गेला!" पण घाई करू नये. १९६० च्या दशकात आपल्या देशात बनू लागलेला मॅसी फर्ग्युसन ३५ घ्या. त्याचा क्लच पाहायचा, तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात. पैसा जातो, पेरणी खोळंबते.

म्हणून आम्ही सांगतो, आधी खूण ओळखा.

इंजिन जोरात फिरतं, पण ओढ नाही, करपट वास येतो? क्लच घसरतो आहे.

पेडल पुरतं दाबूनही गिअर करकरतो? क्लच नीट सुटत नाही.

चालता चालता गिअर आपोआप निसटतो? दोष बहुधा गिअरबॉक्सात आहे.

पहिल्या दोन खुणा दिसल्या, तर इंजिन बंद करा. पेडल हाताने दाबा. जड लागेपर्यंत ते जेवढं सैल हलतं, त्याला 'प्ले' म्हणतात. प्ले नसेल तर क्लच घसरतो. फार असेल तर सुटत नाही. प्ले बाहेरूनच नीट करता येतो. त्याचं माप ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. आता आपल्याला वाचता येतं. ते पुस्तक काढा. एवढं करूनही खोड राहिली, तरच मेस्त्रीला ट्रॅक्टर खोलू द्या.